पाल्मीराबाईंची क्लोदिया मार्गावरील स्वारी

॥ श्री संत रोक्को, आपले कुत्र्यासहित, प्रसन्न ॥

वाचक साहेबांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, ईस्टरचे सोमवारीं पोज्जोलूपो गांवचे पागेंतून जी स्वारी रोमन पातशाहीचे पुरातन सडकेवर निघाली, तिजविषयीं चौकांतील बारमध्यें नाना वदंता उठल्या, आणि त्यांत खरी म्हणावी ऐसी एकही नाहीं. सबब त्या दिवशींचे सर्व घोड्यांचे नाल ज्यानें स्वहस्तें ठोकिले त्या नालबंदानें साद्यंत मजकूर लिहून ठेविला. हा नालबंद मूळचा सातारा प्रांतींचा, परंतु या गांवचें मीठ खाऊन आणि वाइन पिऊन बहुत वर्षें जाहलीं, आणि आतां इकडचाच म्हणावा. जें डोळ्यांनीं पाहिलें तें पाहिलें म्हणोन लिहिलें, आणि जें न पाहिलें तें घोडीनें सांगितलें ऐसें समजावें. मजकूर मराठींत कां लिहिला, हें शेवटास ध्यानांत येईल.

पूर्वीं रोमन पातशहांनीं दुनिया जिंकावयाचा मनसुबा केला, आणि फौजा चालाव्या म्हणोन सडका बांधिल्या, आणि त्यांत क्लोदिया नामें सडक या गांवावरून नेली, आणि काळे दगड घट्ट बसविले. मग दुनिया जिंकिली, आणि मग हरविली, आणि दगड तेवढे राहिले. त्या दगडांचे कडेस काटेरी जाळ्या माजल्या, आणि त्या जाळ्यांमध्यें वसंतांत रानशतावरीचे कोंब येतात. पातशाहीपासून या प्रांतास जो कांहीं लाभ जाहला तो इतकाच.

या कोंबांचा दस्तूर ऐसा कीं, ज्याची जागा त्यानें ती मेला तरी सांगूं नये. बाप लेकास सांगत नाहीं, नवरा बायकोस सांगत नाहीं. पाद्री कबुलीचे वेळीं चोरी ऐकतो, शिंदळकी ऐकतो, परंतु कोंबांची जागा त्यासही कोणी सांगत नाहीं, कारण पाद्रीही कोंब खातो.

पागेचे वाटाडे नाझारेनोसाहेब. पागा त्यांची कन्या लोरेदाना हिची, हुकूमही तिचा, आणि साहेबांकडे केवळ मिशा आणि वाट दाखविणें. त्यांस एक जागा ठाऊक होती. ती त्यांस एका मित्रानें मरणशय्येवर शपथ घालोन दिली होती, आणि ती ऐसी बेमोल कीं, जे सालीं पाऊस न पडोन अवघे गांवास काडी मिळाली नाहीं, ते सालीं नाझारेनोसाहेबांनीं ईस्टरचे पंगतीस बोटाएवढे जाड कोंब घालोन अंड्याचा फ्रित्ताता वाढिला. हीच त्यांची चूक जाहली. गर्वानें राज्यें बुडालीं, येथें तर फक्त तवा होता.

त्या पंगतीस त्यांच्या विहीणबाई पाल्मीरा हजर होत्या. लोरेदाना ही त्यांची सून. त्यांचे यजमान दुइलिओ यांस देवाज्ञा होऊन तीन सालें लोटलीं होतीं, आणि तेव्हांपासून बाई काळ्या वस्त्रांत राहून गांवाची बित्तंबातमी राखीत. त्यांनीं फ्रित्तात्याचे दोन तुकडे निमूट खाल्ले, आणि कांटा ताटांत ठेविला.

"व्याही, कुठे मिळाले हे?"

"रानात."

"रान मोठं आहे."

"म्हणून तर मिळाले."

बाई हंसल्या नाहींत. त्यांनीं ओठ पुसले आणि तेथेंच फर्मान काढिलें कीं, उदईक क्लोदिया मार्गावर पागेची जी स्वारी निघणार तींत आम्हीही घोड्यावर बसोन येणार. हें ऐकोन पंगत थिजली, कारण बाईंनीं जन्मांत गाढवावरही मांड घातली नव्हती. लोरेदानेस मात्र हर्ष जाहला. तिनें बापास कोपऱ्यांत घेऊन सक्त ताकीद दिली, "आई पहिल्यांदा पागेत येतायत, बाबा. टोमणे मारायचे नाहीत. आणि त्यांना मार्केझा द्या, सगळ्यांत गरीब घोडी आहे ती."

हें ऐकतांच नाझारेनोसाहेबांचे तोंडचें पाणी पळालें. कारण ऐसें कीं, मार्केझा ही त्यांची नित्याची घोडी. सबंध वसंतभर रोज सकाळीं तिजवर बसोन ते त्या गुप्त जागीं जात, आणि ते कोंब खुडीत तोंवर तिला भाकरीचा तुकडा मिळे. त्या घोडीस क्लोदिया मार्गावर आणून सोडिली कीं ती डोळे मिटून जागेवर जाणार आणि उभी राहाणार. म्हणजे गनिमास किल्ल्याची किल्ली देऊन वर दिंडीदरवाजाही दाखविणें. आणि हें लेकीस सांगावें, तर किल्ला तिलाही कळणार.

रातभर खलबत केलें, आणि सकाळीं साहेब म्हणाले कीं मार्केझा लंगडते. लोरेदानेनें नालबंदास पाचारिलें. नालबंदानें चारही खूर उचलोन पाहिले आणि घोडी ठणठणीत आहे ऐसें सांगितलें. नाझारेनोसाहेबांनीं आमचेकडे ज्या नजरेनें पाहिलें ती नजर मरेतों विसरणें नाहीं. परंतु आम्हांस त्या वेळीं कांहींच माहीत नव्हतें.

मग बाईंस घोडीवर चढविण्याचें काम निघालें. दगडी चौथऱ्यास घोडी लाविली, आणि लोरेदाना एकीकडून आणि नालबंद दुसरीकडून ऐसे लागले, आणि बाईंनीं तीन संतांचीं नांवें घेतलीं व एकास शिवी दिली, आणि तोफ बुरुजावर चढवावी तैशी ती स्वारी खोगिरावर चढली. चढली ती पक्की बसली. उतरावें कैसें हें त्यांस कोणी सांगितलें नाहीं, आणि त्यांनींही पुसिलें नाहीं.

कूच जाहलें. हरावलीस खासे नाझारेनोसाहेब, फूल्मिने नामें घोड्यावर. या नांवाचा अर्थ वीज, परंतु वीज इतकी सावकाश पडती तर कोणी मेलें नसतें. मध्यें मिलान शहराहून आलेले दातांचे डॉक्टर कोलनागी आणि त्यांची बायको ऑर्नेल्ला, उभयतां पागेचे घोड्यावरील बारगीर, परंतु पोशाख ऐसा कीं शिलेदारांनीं लाजावें. चंदावलीस पाल्मीराबाई. मार्केझा सर्वांचे शेवटीं राहिली म्हणजे पुढील शेपट्यांमागें मुकाट येईल, ही साहेबांची मसलत. मसलत बरी होती, परंतु चंदावलीस कोण आहे आणि कोण नाहीं हें हरावलीस दिसत नाहीं, हें ध्यानांत राहिलें नाहीं.

डॉक्टर रोमन सडकेकरितां थेट मिलानहून आले होते, आणि त्यांचा उल्हास मोठा. ते प्रत्येक दगडापाशीं घोडा थांबवीत.

"हा रोमन का?"

"नाही, हा म्युनिसिपालटीचा."

"आणि हा?"

"हा काल ट्रॅक्टरमधून पडला."

ऐसें करितां करितां अंजिराचे झाडापाशीं दुवाट लागली. उजवीकडे क्लोदिया मार्ग, सावली, काळे दगड, आणि ती जागा. डावीकडे खाजकुयली, ओहळाचा चिखल, आणि कोणाचें तरी मोडकें नांगराचें धूड. नाझारेनोसाहेबांनीं छातीवर क्रूस काढिला आणि फौज डावीकडे वळविली.

डॉक्टरांनीं फोन काढोन पाहिला. "नकाशात रस्ता उजवीकडे दाखवतोय."

"नकाशा तुमच्याकडे, उत्तरेत काढलाय. रोमन लोक डावीकडून जायचे."

"का?"

"आवडायचं त्यांना."

मग जे कष्ट पडले ते काय लिहावे. खाजकुयली डॉक्टरांचे नव्या विजारींतून आंत शिरली, आणि ऑर्नेल्लाबाईंची टोपी ओहळांत गेली, आणि गोमाशांनीं दोन्ही बाजूंनीं मोर्चे लाविले, आणि फूल्मिने चिखलांत उभा राहोन विचार करूं लागला. डॉक्टरांनीं पुसिलें कीं येथें दगड कोठें आहेत, तेव्हां साहेबांनीं सांगितलें कीं चिखलाखालीं आहेत, आणि रोमन लोकांनीं ते मुद्दाम खालीं ठेविले, चोरी होऊं नये म्हणोन. ऑर्नेल्लाबाई नवऱ्यास म्हणाल्या, "मी समुद्रावर जाऊ म्हणत होते." डॉक्टर विजार खाजवीत राहिले.

इकडे दुवाटेवर मार्केझेनें डावीकडे पाहिलें, आणि उजवीकडे पाहिलें, आणि भाकरीची आठवण होऊन उजवीकडे चालों लागली. पाल्मीराबाईंनीं "हो हो हो" केलें, लगाम ओढिला, घोडीचे आईवडिलांचा उद्धार केला. घोडीनें कान हालविला. बाई प्रथम घाबरल्या. मग त्यांस ऐसें दिसलें कीं ही घोडी वाट चुकलेली नव्हे. जेवणाची घंटा जाहल्यावर माणूस चालतें तैशी चालते आहे. मागाहून व्याह्यांच्या पंगतींतला फ्रित्ताता आठवला, आणि सकाळचें तें घोडी लंगडते म्हणणें आठवलें. बाईंनीं लगाम सोडोन दिला. त्या सर्व मोहिमेंत याहून थोर मसलत कोणी केली नाहीं.

चिखलापार होऊन नाझारेनोसाहेबांनीं मागें वळोन पाहिलें तों चंदावल गायब. प्रथम जागेचा विचार आला आणि मागाहून विहीणबाईंचा, हा क्रम बखरकारानें जैसा होता तैसाच लिहिला आहे. त्यांनीं बारगीर उभयतांस येथेंच उभे राहा ऐसा हुकूम केला, आणि फूल्मिन्यास टाच मारिली, आणि तो घोडा, त्याचे आयुष्यांत प्रथमच, नांवास जागला.

पुलापलीकडे, जेथें क्लोदियेचे दगड उघडे आहेत, तेथें मार्केझा उभी होती. तिचे पोटापर्यंत काटेरी जाळी, आणि जाळींत कोंबच कोंब, हिरवे, जांभळ्या टोकांचे. आणि वर पाल्मीराबाई, चौथऱ्यावरील मूर्तीसारख्या, खालीं उतरतां येईना म्हणोन हात मांडीवर ठेवोन बसलेल्या.

"या व्याही. बराच वेळ लावलात."

"इकडे कशाला आलात, विहीणबाई?"

"मी कुठे आले? मला आणलं. उतरवा आता."

"आधी शपथ घ्या, कुणाला सांगणार नाही."

"आणि नाही घेतली तर?"

"तर बसा तिथेच. पाऊस आला तर छत्री आणून देतो."

नाझारेनोसाहेब मोठ्या आवाजांत बोलले, तें भयानेंच. बाईंचे तोंडीं गेलेली गोष्ट दुपारपर्यंत चौकांत, आणि संध्याकाळपर्यंत तीन गांवांत जाते, हें त्यांस ठाऊक. उद्यां सकाळीं येथें अवघा प्रांत टोपल्या घेऊन येणार, आणि मेलेल्या मित्रास दिलेला शब्द मातींत जाणार.

परंतु बाई शपथेचें ऐकत नव्हत्या. त्या एका मोडक्या मैलाच्या दगडाकडे पाहात होत्या. त्या दगडावर, गुडघे टेकावयास घ्यावें म्हणोन, लोकरीचें एक जुनें वस्त्र घडी करोन ठेविलें होतें. रंग उडालेला, तरी हिरवा होता हें कळत होतें. आणि त्याला काचेचीं लाल बटणें होतीं.

"तो स्वेटर माझा आहे," बाई म्हणाल्या.

साहेब स्वेटराकडे पाहूं लागले.

"ती बटणं मी स्वतः लावलीत. लग्नाच्या आधी. व्याही, ही जागा तुम्हाला कुणी दाखवली?"

साहेबांनीं टोपी काढिली. "दुइलिओनं. हॉस्पिटलात. तुम्ही खाली कॉफी आणायला गेला होतात तेव्हा."

मार्केझेनें भाकरीसाठीं मान वळविली, आणि कोणी दिली नाहीं.

"दर वसंतात हा माणूस सकाळी जायचा आणि दुपारी यायचा," बाई म्हणाल्या. "अंगावर ओरखडे, केसांत गवत. मूठभर कोंब आणायचा, आणि म्हणायचा, सकाळपासून फिरलो, एवढेच मिळाले. मी काय कुक्कुलं बाळ होते? शेजारच्या वेत्राल्ला गावात त्याची कुणी बाई आहे, असं मला वाटायचं. मग हा स्वेटर गेला. मी म्हटलं, माझा स्वेटर त्या भवानीला दिलास. तर मान खाली घालून बसला."

"नाही म्हटलं नाही त्यानं?"

"एकदाही नाही."

"कसं म्हणेल? नाही म्हटलं असतं, तर मग जातोस कुठे, ते सांगावं लागलं असतं."

"त्यापेक्षा बाई बरी वाटली त्याला?"

नाझारेनोसाहेबांनीं चोहोंकडचे कोंबांकडे पाहिलें. "जागा चांगली आहे, विहीणबाई."

तेव्हां पाल्मीराबाई हंसों लागल्या. प्रथम हळू, आणि मग ऐशा कीं खोगिराचे पट्टे करकरले आणि मार्केझेनें कान मागें घेतले. "मी त्याला मरताना माफ केलं," त्या म्हणाल्या. "हात हातात घेऊन. म्हटलं, जा, वेत्राल्लाचं सगळं माफ केलं तुला. आणि तो मेला बदमाश 'थँक यू' म्हणाला." आणि ऐसें म्हणतां म्हणतां त्या रडों लागल्या, आणि पदर नाहीं म्हणोन घोडीचे आयाळीस डोळे पुसले. तीन सालांत बाई लोकांसमक्ष रडल्या नव्हत्या, अंत्यविधीसही नाहीं. गांव त्यांस पाषाणहृदयी म्हणे. नवरा दुसरीचा होता ऐसें ज्या बाईस वाटतें ती त्याचेसाठीं चारचौघांत कैसी रडेल, हें गांवाचे ध्यानांत आलें नाहीं. त्या दिवशीं तो पुनः तिचा जाहला.

नाझारेनोसाहेबांनीं त्यांस उतरविलें. उतरविणें म्हणजे कडेलोटच, परंतु उभयतां शाबूत राहिले. बाई मैलाचे दगडापाशीं गेल्या, स्वेटर उचलोन हुंगला, आणि जैसा होता तैसा घडी करोन परत ठेविला.

इतक्यांत पुलावर टापा वाजल्या. डॉक्टर कोलनागी हुकूम मोडून, खाजवीत, बायकोसह, घोडे हातीं धरून चालत येत होते. काळे दगड दिसतांच डॉक्टरांनीं हर्षाची आरोळी ठोकिली. "ऑर्नेल्ला, हा बघ. हा खरा रस्ता. आणि हा माणूस आपल्याला चिखलातून हिंडवत होता." मग त्यांनीं फोन उंच केला कीं, तसबीर काढावी, आणि ठिकाणासकट अवघ्या दुनियेस दाखवावी.

दुनियेस दाखविल्यावर शपथेचें काय राहिलें. आणि त्या क्षणीं, जीपासून जागा राखावयाची होती, तीच विहीण पुढें सरसावली.

"डॉक्टर, हलू नका," पाल्मीराबाई हळू आवाजांत म्हणाल्या. "साप आहेत. ते बघा, जाळीत. फोन खाली करा, चमकलं की चवताळतात."

डॉक्टर गोठले. "विषारी?"

"माझा नवरा इथेच गेला. याच दगडावर. तेव्हापासून मी इथे नुसती रडायला येते."

डोळे तर लाल होतेच. दुइलिओ हॉस्पिटलांत पलंगावर, हृदयविकारानें, पोट भरोन जेवल्यावर गेले होते, हें डॉक्टरांस कोण सांगणार. ऑर्नेल्लाबाई तोंवर पळोन परत पुलापलीकडे पोंचल्या होत्या. डॉक्टर उलटे पावलीं गेले, आणि जातां जातां बाईंचे दुःखाबद्दल हात जोडून गेले. कोंबांवर त्यांचा पाय पडला, त्यांनीं गवत समजोन बूट झटकिला.

नाझारेनोसाहेबांनीं बाईंकडे पाहिलें आणि म्हणाले, "विहीणबाई, दुइलिओ तुम्हाला सांगायला घाबरत होता. मूर्ख होता."

"होताच," बाई म्हणाल्या. "आता खुडा. मी डावीकडून घेते."

मग तेथेंच तह जाहला. तो ऐसा कीं, जागा उभयतांची. एकट्यानें कोणी जाऊं नये. बाईंस घोडीवर एकट्यानें चढतां उतरतां येत नाहीं, सबब तह मोडण्याचें भय नाहीं. स्वेटरावर गुडघे बाईंनीं टेकावे, साहेबांनीं आपली टोपी घ्यावी. आणि मार्केझेस भाकरी दोघांनींही द्यावी. हा तह कागदावर लिहिला नाहीं, कारण कागद सांपडतो.

त्यापुढें वसंत सरेतों गांवानें जें पाहिलें तें ऐसें कीं, रोज सकाळीं नाझारेनोसाहेब आणि पाल्मीराबाई घोड्यांवर बसोन गांवाबाहेर जात, आणि उशिरा परत येत, आणि उभयतांचे हातांवर ओरखडे, केसांत गवत, बाईंचे गुडघ्यांस माती, आणि बाई, ज्यांनीं तीन सालें काळें सोडिलें नव्हतें, त्यांनीं हिरवा रुमाल बांधिलेला. बारमध्यें पत्त्यांचे डाव थांबले. पाद्रीबुवांनीं रविवारीं उतारवयांतील मोहावर प्रवचन केलें आणि दोघांकडे पाहात राहिले.

शेवटीं लोरेदानेनें पागेंत बापास गांठिलें. "बाबा, खरं सांगा. तुमचं आणि आईंचं काय चाललंय?"

साहेबांनीं तोंड उघडिलें. कांहीं नाहीं म्हणावें, तर पुढचा सवाल येणार कीं मग रोज जातां कोठें. त्यांनीं तोंड मिटलें आणि मान खालीं घातली. लोरेदानेनें डोक्यास हात लाविला, आणि तडक सासूचे घरीं जाऊन तोच सवाल टाकिला.

पाल्मीराबाई चुलीपाशीं उभ्या होत्या. भिंतीवर दुइलिओ यांची तसबीर. बाईंनीं एकवार तिकडे पाहिलें, आणि सुनेकडे वळोन, मान खालीं न घालतां, म्हणाल्या, "चाललंय खरं. आता या वयात लपवून काय करू? बस, जेवून जा. फ्रित्ताता केलाय."

सून बसली आणि रडत रडत जेवली. बोटाएवढे कोंब तिच्या ताटांत होते, परंतु तिचें लक्ष नव्हतें. ती गेल्यावर बाईंनीं तसबिरीवरची धूळ पुसली आणि तीस म्हणाल्या, "फिट्टंफाट झाली रे."

येणेंप्रमाणें क्लोदिया मार्गावर पाल्मीराबाईंची फत्ते जाहली, जागा राखिली, अब्रू गेली, आणि गेली ती संतोषानें गेली, हें सर्वांस कळावें म्हणोन नमूद केलें. सर्वांस म्हणजे मराठी वाचणारांस. या गांवांत ही लिपी एका नालबंदावांचून कोणास येत नाहीं, आणि नालबंदाचें ताट आतां दोन्ही घरीं मांडिलें जातें. तथापि पुण्याकडून कोणी टोपली घेऊन येईल, या भयास्तव या बखरींत अंजीर, पूल आणि उजवी-डावी मुद्दाम खोटीं लिहिलीं आहेत. घोडी मात्र खरी आहे. परंतु ती आमचेकडे आहे, आणि तिला भाकर लागते.